अर्नीला विनिंग पोस्टपाशी सोडायचं आहे

१२ सप्टेंबर
यंदा नक्की. वारंडिल कपची शर्यत सुटायच्या आधी अर्नीची राख विनिंग पोस्टपाशी, शर्यत संपते त्या खांबापाशी टाकायची. म्हणजे सगळे घोडे त्याच्या अंगावरून दौडत जातील. मरताना नवऱ्यानं एवढंच मागितलं. बायकोचं नावसुद्धा नाही घेतलं मेल्यानं!
चार कप झाले त्याला जाऊन. मला काही जड जात नाही, फक्त योग येत नाही. एकदा गुडघा दुखत होता. एकदा हॅट मनासारखी मिळाली नाही.

३ ऑक्टोबर
नवीनच अडचण. पोस्ट नक्की कुठला? कप सुरू झाला तेव्हा तो नदीकडे होता. पूर आला, हलवला. प्रेक्षकांचा स्टँड जळाला, पुन्हा हलवला. चौकशी केल्याशिवाय कसं टाकायचं माणसाला? क्लबचा सेक्रेटरी नॉर्म म्हणाला, "थेल्मा, अगं अर्नी जन्मला तेव्हापासून हाच आहे." याला इतिहासाची कदर नाही.

१९ ऑक्टोबर
नणंद बेरिल आली. म्हणाली, "हा शेवटचा कप. पुढच्या वर्षापासून शर्यत शहरात नेणार. माझ्या भावाला सोड आता."
म्हटलं, "जिवंतपणी कधी घरात टिकला नाही. आता कुठं बसायला शिकलाय."
हसली नाही.
अफवा सगळ्या. युद्धात लष्करानं चांगले घोडे नेले, तर लोकांनी शर्यतीत दूधगाडीचे घोडे उतरवले. हा कप चुकत नसतो. वाटलंच तर पुढच्या वर्षी नेईन.

७ नोव्हेंबर, सकाळ
कपचा दिवस. अर्नीला पिशवीत घातलं, वर सँडविच. पाऊस आहे. असू दे.

संध्याकाळ
कपच्या आधीच, दिवसातल्या दुसऱ्या शर्यतीत घोडा घसरला. कप रद्द. भोंग्यावर नॉर्मनंच सांगितलं. म्हणाला, "आता इथं घोडे पळायचे नाहीत."
सगळे गेले. बेरिलला गाडीत बसवलं. पोस्टपाशी अर्नीला ओतलं. उभी राहिले. एक घोडा येईना.
मग ट्रॅकच्या वळणापर्यंत मागं गेले आणि घोड्यांच्या जागी मीच पळत सुटले. चिखलात बूट रुतला, तो तिथंच सोडला. अर्ध्यात दम गेला. उरलेलं चालत.
पोचले तोवर पावसानं त्याला धुऊन नेलं होतं.
पळाले तर होते मी.