डोंग्यातला पाय

बाबा, तू जिवंत असताना तुला कधी तू म्हटलं नाही. तुमच्यासमोर मान खाली आणि आवाजही खाली. आता तू जाऊन चाळीस वर्षं होत आली, तुझा हात काही इथवर पोचत नाही, म्हणून तू म्हणते. राग आलेला आहे, आणि राग अहो-जाहो करून निघत नाही.

नाताळच्या सुट्ट्यांत पाच दिवस मी बोटीवर राहून आले. तुझी मुलगी पाण्यावर जेवली, पाण्यावर झोपली. ऐकून घे नीट. माझ्या लेकाच्या ऑफिसात केरळचा एक माणूस आहे, त्याच्या भावाची बोट. लेक म्हणाला, इथं वर्ध्याच्या थंडीत तुझे गुडघे धरतात, तिकडे डिसेंबरातही अंगाला घाम येतो, चल. सुनेला सुट्टी मिळाली नाही, म्हणून लेक, आठवीतली नात आणि मी असे तिघं गेलो. स्वेटर पिशवीतून निघालाच नाही. बोट म्हणजे तुझ्या डोंग्यासारखं कोरलेलं खोड नाही, घरच आहे. वर चटईचं छप्पर, आत दोन खोल्या, आणि संडासात आरसा. तिथं बसून कोणाला स्वतःचं तोंड पाहायचं असतं कोण जाणे. मालक बोट चालवतो, त्याची बायको मागच्या बाजूला स्वयंपाक करते. सगळं खोबरेल तेलात. पहिल्या दिवशी घास घेतला तर डोक्याला चोळायचं तेल तोंडात गेल्यासारखं लागलं. दुपारी तो जेवायला बसला की तीच बाई ओल्या केसांनी पुढे जाते आणि चाक धरते. बोट बुडत नाही. नवरा भात कालवत राहतो, वर मान करूनही बघत नाही.

आणि मी काय केलं सांगू? काठावर चपला काढल्या आणि उभीच राहिले. लेक म्हणाला, "आई, ये ना वं आत. अंग चोरून काऊन उभी हायेस?" त्याला काय माहीत. चढले ती सरळ मागे गेले आणि चुलीजवळ बसले. मालक हिंदीत म्हणाला, अम्मा, पुढे बसा, हवा आहे. मी म्हटलं, मला इथंच बरं. अडुसष्ट वर्षांची बाई, नातवंडं झालेली, आणि तुझ्या भीतीनं धुरात बसली. तुझी हाडंसुद्धा उरली नाहीत आणि तरी मला मागेच बसवलंस.

तुमचा नियम मला पाठ आहे. जाळं विणायला बाईचे हात चालतात. मासळीची टोपली हिंगणीच्या बाजारात न्यायला बाईचं डोकं चालतं. डोंग्यात बाईचा पाय चालत नाही. आईनं जन्मभर तुझी मासळी विकली, तिच्या पदराला मेल्यावरही झिंग्यांचा वास होता, पण धरणाचं पाणी तिनं काठावरूनच पाहिलं. भाऊ पाण्याला भ्यायचा. त्याला तू मारून मारून डोंग्यात बसवलंस, तो उलट्या करायचा. मी काठावरून बघून बघून शिकले, बांबू कुठं टेकवायचा, अंगाचा भार कधी द्यायचा. तू ते कधी पाहिलं नाहीस, कारण मी तिकडं बघते हेच तुला दिसत नव्हतं.

मग तो दिवस. मी अकरा वर्षांची. तू जेवून झाडाखाली पडलेला आहेस, वारा सुटलाय, आणि डोंग्याची दोरी सुटून तो पाण्यात चाललाय, आत जाळं, जाळ्यात सकाळची मासळी. हाक मारली तर तू उठत नाहीस. भाऊ उभा आहे नुसता. मी परकर खोचते, गळ्याइतक्या पाण्यात जाते, डोंग्यात चढते, उभी राहते आणि बांबूनं तो काठाला आणते. एकदासुद्धा डगमगले नाही. काठावर येते तर तू जागा झालेला, बाजूला चार माणसं, आणि मागं टोपली घेऊन आई. मला वाटलं, आता हा म्हणेल, पोरीनं वाचवलं. तू म्हणालास, "उतर तिथून. बाईचा पाय लागला का पाणी आटते." मग तोच बांबू माझ्या पोटऱ्यांवर. मग डोंगा गोमूत्रानं धुतला, नारळ फोडला. जाळ्यातली मासळी मात्र धुतली नाहीस. ती आईच्या टोपलीत घातलीस आणि बाजारात पाठवलीस.

त्या वर्षी पाऊस कमी झाला, धरण खाली गेलं, मासळी लागली नाही. ते माझ्या पायामुळं. वस्तीत सगळे म्हणायचे आणि तू त्यांना गप्प बसा म्हणून एक शब्द बोलला नाहीस. उलट मान हलवायचास. वर्ष पालटायच्या आत माझी शाळा बंद, चौथीतच, आणि तेराव्या वर्षी लग्न, पाणी नसलेल्या गावात. पाहुण्यांनी विचारलं पोरीत काही खोट आहे का, तर तू हसून म्हणालास, पाण्यापासून लांब ठेवा. माझ्यासमोर म्हणालास. सासरी विहिरीवर जाताना सासू माझ्या पायाकडे बघायची.

हे सगळं मी दुसऱ्या संध्याकाळी नातीला सांगितलं. ती बोटीच्या पुढच्या टोकाला पाय सोडून बसली होती, मी जरा अलीकडे, दोरखंडाला धरून. पहिल्या दिवसापासून तिनं मालकाशी गट्टी केली होती. ती चाक धरायची, तो मागं उभा राहून हातानं डावीकडे, उजवीकडे दाखवायचा. मी मागून बघायची आणि मनात तुला म्हणायची, बघ, बघ आता. नातीनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुझे बाबा पागलच होते आजी. थँक्यू म्हणायचं सोडून मारलं?" मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. सत्तावन्न वर्षांत कोणी तुला पागल म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी ती माझ्याजवळ आली. म्हणाली, मले पाळी आली, पॅड पप्पाच्या बॅगेत राहिले, आणून दे ना. मी आणून दिले. ती आंघोळ करून आली, चहा प्यायली आणि रोजच्यासारखी पुढे जाऊन चाकाला हात घातला. आणि मी ओरडले. चुलीजवळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"उतर तिथून. बाईचा पाय लागला का पाणी आटते."

शब्दाला शब्द. आवाजसुद्धा तुझाच, तो शेवटी खाली येणारा. नातीनं मागं वळून पाहिलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, "हे तर तुझे बाबा म्हणायचे ना आजी." चाक सोडलं आणि मागे येऊन बसली, चुलीजवळ, मी पहिल्या दिवशी बसले होते त्याच जागी. मालकाला काही समजलं नाही, त्यानं चाक धरलं. त्याची बायको माझ्याकडे बघत राहिली. भाषा कळत नव्हती तिला, पण बाकी सगळं कळलं असावं. लेक मोबाइलमध्ये होता. पुरुषाला अशा वेळी मोबाइल बरा सापडतो.

दोन दिवस ती पुढे गेली नाही. मी म्हटलं जा, म्हातारीचं तोंड सुटलं, जा. म्हणाली, राहू दे, इथंही हवा आहे. नव्हती तिथं हवा. मला माहीत आहे तिथं काय असतं.

शेवटच्या दिवशी मीच उठले. मोठ्या बोटीच्या मागे एक छोटी होडी बांधलेली असते, तुझ्या डोंग्याएवढीच. मी तिच्यात उतरले, मालकाकडून बांबू घेतला आणि उभी राहिले. लेक ओरडत होता, पडशील, हाडं मोडशील. मी म्हटलं, तू चूप बस. बांबू टेकवला तर खालची माती हाताला लागली आणि अंगाला सगळं आठवलं. गुडघेसुद्धा दुखले नाहीत. एक चक्कर मारून आले आणि नातीला म्हटलं, ये. ती मोठ्या बोटीच्या कडेशी आली, दोरी धरली, आणि थांबली.

"आजी, पाय ठेवू?"

चार दिवसांपूर्वी ही पोरगी कोणाला न विचारता उडी मारून बोटीत शिरली होती. मी म्हटलं, ठेव. ठेवला तिनं. वळणावर हसलीही, खोटं कशाला बोलू. पण विचारलं आधी. ते विचारणं तू दिलंस मला, आणि मी जपून जपून तिच्यापर्यंत नेऊन पोचवलं.

तुला शिव्या द्यायला बसले होते, त्या दिल्या. हा कागद लेकाला दाखवणार नाही, नातीला तर नाहीच. पिठाच्या डब्याखाली ठेवीन, पडून राहील. पण एक गोष्ट बोटीवर कोणाला सांगितली नाही, घरी येऊनही नाही. नात चाक सोडून मागे आली ना, तेव्हा क्षणभर माझा जीव थाऱ्यावर आला. वाटलं, झालं, आता काही होणार नाही. हे तुला सांगते, कारण ते कसं वाटतं हे दुसऱ्या कोणाला कळणार नाही.