बरोबरीचा माणूस

११ एप्रिल, शुक्रवार. मनामा, बहरीन.
जगातल्या मोठ्या अन्यायांची सुरुवात नेहमी लहान गोष्टीतून होते. माझ्या खोलीतल्या एसीला रिमोट नाही. एसी आहे, भिंतीवर आहे, पांढराशुभ्र आहे आणि अठ्ठावीसवर अडकलेला आहे. शुभदा म्हणाली, अरे दादा, होता रे इथेच, कुठे गेला कोण जाणे, आणू नवा. शुभदा माझी मावसबहीण. तिचे यजमान राजनराव इकडे अस्करच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनिअर. मुलं दोन, वरुण आणि कस्तुरी. मी विषय ताणला नाही. पाहुण्याने ताणू नये.

पण मी पाहुणा नाही. मी ओ-पेअर आहे. ही युरोपातली अत्यंत प्रतिष्ठित पद्धत. परदेशात एखाद्या सुसंस्कृत कुटुंबात राहायचं, मुलांवर जरा लक्ष ठेवायचं, त्यांना आपली भाषा शिकवायची. राहणं-जेवण फुकट. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'बरोबरीने'. युरोपात वयाची अट आहे, तिशीच्या आतली. मी बेचाळीस. युरोपाचं नुकसान. म्हणून योजना शुभदाला सुचवली. इतक्या तत्परतेने हो म्हणाली की तिकीटही तिनेच काढलं.

१२ एप्रिल
खोली स्वयंपाकघरामागे. पलंगाला लागून वॉशिंग मशीन. चिंतनाला योग्य. आधी इथे कुणी अभ्यासू बाई राहत असावी. दाराशी लेडीज चपला, कपाटात खोबरेल, कॅलेंडरवर जूनच्या एका तारखेला गोल. बहुधा परीक्षा.

संकल्प:
अरबी शिकणे.
राजनरावांच्या कंपनीत नोकरी. ते एचआरच्या लतीफशी बोलणार आहेत. व्हिजिट व्हिसा संपायच्या आत काम व्हावं.
रेवाची रिबीन परत नेणे. (विमानतळावर बॅग ओळखू यावी म्हणून लेकीच्या शाळेच्या दोन लाल रिबिनींपैकी एक हँडलला बांधून आणली. बॅग लगेच सापडली. निघताना रेवा रडली. पण तिची शाळा जूनमध्ये. मुलांना लॉजिक नसतं.)

१७ एप्रिल
शुभदाचं बोलणं फार गोड. दादा, तेवढं डब्यांचं बघतोस का. दादा, तेवढं वरुणला बसपर्यंत. दादा, तेवढे कपडे वाळले असतील बघ. हुकूम नाही, जबरदस्ती नाही. 'तेवढं'.

सांगलीत बायकोने, म्हणजे मेधाने, एकदा मला स्वतःची कपबशी विसळायला सांगितली होती. मी तत्त्व म्हणून उठलो नव्हतो. मेधा पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, सहाला घर सोडते, माझा चहा थर्मासमध्ये ठेवून. आठ वाजता उठणाऱ्या माणसाने थर्मासचा चहा प्यायचा! प्रतिभा अशीच मरते.

इथे चहा पाचला, एकदम ताजा. मीच करतो.

२५ एप्रिल, शुक्रवार
सुट्टी. म्हणजे इतरांची. राजनरावांच्या ऑफिसातली पुण्या-मुंबईची चार कुटुंबं जेवायला. पोळी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, हे माझं आयुष्यभराचं ठाम मत. आज ते मी तव्याच्या बाजूने मांडलं. सगळे बसले, मी वाढत राहिलो. शेवटी मी आणि कढई बरोबरीने जेवलो.

नीलम नावाच्या बाई शुभदाला म्हणाल्या, अगं, तुझ्या दादांना चार दिवस आमच्याकडे पाठव ना, सासू-सासरे येतायत, माझे फार हाल होतील. शुभदा म्हणाली, छे गं बाई, फार मुश्किलीने मिळालाय.

फार मुश्किलीने मिळालाय! असं मेधा माझ्याबद्दल कधी म्हणाली नाही. माझ्यासाठी दोन घरांत ओढाताण सुरू झाली, याला हेडहंटिंग म्हणतात.

४ मे
मराठीचे वर्ग. वरुण अकरा वर्षांचा, कस्तुरी सहाची. दोघांना सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. वरुणला म्हटलं, 'माझा आवडता ऋतू' यावर पाच वाक्यं बोल. तो म्हणाला, मामा, बहरीनमध्ये दोनच ऋतू, एसी ऑन आणि एसी ऑफ, अँड व्हेअर इज माय व्हाइट शर्ट. पहिलं वाक्य जवळजवळ मराठी होतं. नोंद घेतली. शर्टाला इस्त्री केली.

कस्तुरीच्या वेण्या शिकलो. आधी मधला भांग, मग तेल, मग घट्ट तीन पेड. शाळेत टीचरने विचारलं म्हणे, हू डिड युअर हेअर? तिला माझ्या बॅगची लाल रिबीन फार आवडली. तात्पुरती दिली.

११ मे
राजनरावांना लतीफचं विचारलं. म्हणाले, इंशाल्ला. मागच्या आठवड्यातही इंशाल्ला. गल्फमध्ये इंशाल्ला म्हणजे जवळजवळ अपॉइंटमेंट लेटर. व्हिसा वाढवून घेतला. वाढवताना शुभदा फार आनंदाने म्हणाली, बरं झालं, जूनच्या मध्यापर्यंत प्रश्न मिटला. माझ्याशिवाय यांना करमत नाही.

१८ मे
सकाळी घाईत सांगलीहून व्हिडिओ कॉल. रेवाचा एकच प्रश्न. पपा, माझी रिबीन? म्हटलं, आणतो गं. मग ती म्हणाली, आजीचे हात दुखतात, आई लवकर जाते, शाळा सुरू झाल्यावर वेण्या कोण घालणार? मी मेधाला झापलं. म्हटलं, दोन वेण्या घालायला काय पीएचडी लागते? पाच मिनिटांचं काम, इच्छा पाहिजे. फोन मी मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि हात कस्तुरीच्या केसांत होते.

मेधाने स्क्रीनजवळ येऊन माझे हात बघितले. मग म्हणाली, छान घालतोस. आणि फोन ठेवला.

लग्नाला अकरा वर्षं झाली, हे पहिलं कौतुक. परदेशात गेल्यावर माणसाची किंमत कळते.

२९ मे
अरबीची प्रगती: यल्ला (चला), खलास (संपलं), मफी (नाही). एकंदर संसार चालवायला एवढे शब्द पुरेत.
उकाडा भयंकर. रिमोटचा विषय काढला. शुभदा म्हणाली, दादा, किती थोडे दिवस राहिलेत आता. नोकरी लागल्यावर मी वेगळं घर घेणार, हे तिने मनात धरलेलं दिसतं. सूचक बोलते.

६ जून, शुक्रवार. ईद.
आज ऐतिहासिक दिवस. लतीफ आणि त्यांची बायको खदिजा जेवायला येणार. बिर्याणी माझ्याकडे. नवा शर्ट घातला. दारात लतीफशी हात मिळवायला गेलो, खदिजाबाईंनी त्याच हातात गोडाचा ट्रे दिला. त्यांनी किती सहजपणाने मला घरचं मानलं, हे मी टिपलं.

जेवणानंतर लतीफ स्वतः बोलले. भाई, बिर्याणी आपने बनाई? कमाल! मी म्हटलं, सर, राजनसाबने मेरे बारे में बात की होगी. ते म्हणाले, हां हां, बोलते रहते हैं, बच्चे बहुत खुश हैं आपसे. कंपनी फॅमिली व्हॅल्यूज बघते, हे स्पष्ट झालं.

मग मी कॉफी घेऊन येत होतो, तेव्हा लतीफ राजनरावांना विचारत होते, और आपकी सुमय्या कब लौट रही है छुट्टी से? राजनराव म्हणाले, बारा तारीख, इंशाल्ला.

राजनरावांच्या इंशाल्लाला पहिल्यांदाच तारीख होती.

७ जून
खोलीतलं कॅलेंडर पाहिलं. गोल बारा तारखेलाच आहे. योगायोग.

९ जून
राजनरावांना स्पष्ट विचारलं. म्हणाले, सध्या कंपनीत व्हेकन्सी मफी. आणि दादा, खरं सांगू का, तुम्ही नोकरीचं इतकं सीरियसली घेतलंय हे मला माहीतच नव्हतं. त्यांच्याकडूनच कळलं, माझं परतीचं तिकीट चौदाचं आहे. येतानाच काढलेलं. दोन्ही बाजूंचं स्वस्त पडतं म्हणे.

१२ जून
सुमय्या आली. हैदराबादची, ठेंगणी, चष्मेवाली. थेट माझ्या खोलीत शिरली. माझी बॅग उचलून बाहेर ठेवली, वॉशिंग मशीनमागे हात घातला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून रिमोट काढला. एसी वीसवर. म्हणाली, क्या करना भय्या, मॅडम आके बंद कर देते, छुपाना पड़ता. मग स्वयंपाकघरात जाऊन ओरडली, कढई कौन जलाया जी?

मी हॉलमधल्या सोफ्यावर. तिथला एसी चांगला आहे. शुभदाने येऊन बंद केला.

१४ जून
सुमय्याने मुलांना हैदराबादची बिस्किटं आणली. सगळे तिच्याभोवती. माझी रिबीन कस्तुरीच्या अस्वलाच्या गळ्यात होती. सोडायला लागलो तर किंचाळली, मामा, दॅट्स माइन! मी विचारलं, कुणाची आहे? मराठीत सांग. मग म्हणाली, रेवाताईची. दोन महिन्यांच्या शिकवणीचं एकमेव वाक्य. रिबीन घेतली.

शुभदाने हलव्याचा डबा दिला आणि रेवासाठी कस्तुरीला लहान झालेले फ्रॉक. रेवा तिच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. बारीक आहे म्हणा. मग म्हणाली, दादा, तेवढं टॅक्सीचं बघशील? वरुणचं स्विमिंग आहे. बघितलं.

बॅग ओळखायला यावेळी काही बांधलं नाही. रिबीन खिशात.

१६ जून. सांगली.
शाळा सुरू. काल पोहोचेपर्यंत सगळे झोपले होते. सकाळी उठलो तेव्हा मेधा गेलेली, रेवा बुटाचे बंद बांधत होती. केस कानापर्यंत कापलेले. आई म्हणाली, मेधानेच नेलं गेल्या रविवारी, रोज कोण विंचरणार? मी तेलाची बाटली हातात घेतली होती. परत ठेवली.

रेवाने मानेला दोनदा झटका देऊन दाखवला. म्हणाली, पपा, हलकं वाटतं. आणि बस पकडायला पळाली.

थर्मासमधला चहा प्यायलो. कपबशी विसळली.

रेवाच्या कप्प्यात दुसरी रिबीन नीट गुंडाळून ठेवलेली होती. ही धुतली, पंख्याखाली वाळवली, इस्त्री केली, तशीच गुंडाळून शेजारी ठेवली. कुणाला सांगितलं नाही.