एक बारीक, दोन रुंद

प्रिय खारुताई,

तुझं पत्र पोचलं. येत्या रविवारी दिवाणखान्यातलं ते फडताळ रिकामं करून सगळा जमवलेला माल जुन्या बाजारात परत देऊन टाकणार आहेस म्हणे. कारण काय, तर मागच्या खेपेला बाबांनी चादर उचलून आत पाहिलं आणि चहाही न घेता बस गाठली. बाबांना लाज वाटली, आपल्या घरात कधी दारूचा थेंब आला नाही आणि लेकीने दिवाणखान्यात बार मांडला, असा तू अर्थ लावलास. अगं, जरा हात आवर. हे पत्र संपेपर्यंत तिथल्या बर्फाच्या चिमट्यालाही हात लावायचा नाही. बापाची आज्ञा समज, नाहीतर हट्ट समज.

आता चादरीचं ऐक. जावईबापू मला सांगत होते की भिंतीला ओल आलीय म्हणून झाकलंय. भला माणूस आहे, खोटं बोलताना कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होतो. तू स्वयंपाकघरात होतीस, ते दूध आणायला उतरले, आणि मी उठलो ओल बघायला. बघतो तर काय! काळ्या लोखंडी पाइपांना कोपरे जोडून केलेली मांडणी, त्यावर जाड फळ्या, तारेच्या जाळीत बसवलेली सोड्याची बाटली, तांब्याचे मग, भिंतीत ठोकलेला बिडाचा ओपनर, आणि वाफेच्या दाबमापकाची तबकडी काढून केलेला दिवा. लहानपणी तू माझ्या खिशातले नटबोल्ट पळवून उशीखाली साठवायचीस, म्हणून तर खारुताई झालीस. तुझी आई म्हणायची, या पोरीच्या उशीतून एक दिवस इंजिन निघेल. इंजिन नाही, पण हे निघालं, आणि मी त्या चादरीखाली वाकून खुळ्यासारखा हसत उभा होतो.

मग मधल्या फळीवरचा तो शेकर, दारूत बर्फ घालून हलवायचं ते झाकणाचं भांडं, उचलला. पितळेचा, निकेलचा मुलामा थोडा उडालेला, खांद्यावर रिव्हेटांची रांग, कमरेवर खाचा. त्याच्याबद्दल तू पत्रात लिहिलंयस की दुकानात हातात घेतला आणि खाली ठेववेना, का ते कळलं नाही. मला कळलं. माझा अंगठा त्या खाचांवरून फिरला आणि घरी माझ्या उशाशी असलेल्या एका वस्तूवर तोच अंगठा फिरवून बघितल्याशिवाय मला राहवेना. म्हणून निघालो. बाकी काही नव्हतं.

तुला ठाऊक आहे ते एवढंच की बाबा कारखान्यात लेथवर होते आणि वाफेचे व्हॉल्व्ह करायचे. व्हॉल्व्हची मागणी आटली तेव्हा मालकाने हॉटेलांचं सामान घेतलं, हे मी घरी कधी फार बोललो नाही. शेकर, बर्फाच्या बादल्या, पेग मोजायची मापं. आम्हाला बॉयलरचं काम ठाऊक, त्यामुळे शेकरलाही बॉयलरसारखे रिव्हेट मारले. तुम्ही आज जिला हौसेने स्टाइल म्हणता ना, ती आमची सवय होती, बाई! गंमत म्हणजे आमच्या खात्यात पिणारा एकही नव्हता. पहिला शेकर तयार झाला तर तपासायचा कसा? कुणीतरी त्यात उकळता चहा ओतला आणि लागला हलवायला. झाकण तोफेच्या गोळ्यासारखं उडालं आणि फोरमनचा पांढरा शर्ट चहाने न्हाला. ते शांतपणे म्हणाले, साखर कमी आहे.

खाचा मात्र माझ्या. पकडीसाठी शेकरच्या आणि मापांच्या कमरेवर खाचा पाड, एवढंच मला सांगितलं होतं. सारख्या अंतराच्या सारख्या खाचा पाडून जीव कंटाळायचा. लेथ फिरायला लागला की मला शाळेतल्या कविता आठवायच्या, आमचे मास्तर टेबलावर पट्टी आपटून वृत्त शिकवायचे तशा. आणि माझा हात आपोआप भुजंगप्रयातात चालायला लागला. लघुला बारीक खाच, गुरूला रुंद. एक बारीक, दोन रुंद, असं चार वेळा, की ओळ पूर्ण. फोरमनना वाटलं नक्षी आहे, त्यांनी मान्य केली. गिऱ्हाइकांनी कळवलं की बर्फाने गारठलेला हातसुद्धा घसरत नाही. शेकडो शेकर त्या चालीत बाहेर गेले, आणि कुठल्या कुठल्या शहरांत लोक माझं वृत्त मुठीत धरून हलवत होते, हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणजे मला तसं वाटत होतं. एके दिवशी पॉलिश खात्यातून एक मुलगी तरातरा आली, कोपरापर्यंत काळी, नाकावरही काजळी. हातात पेगचं माप. हे कुणी केलंय, म्हणाली. मी म्हटलं, मी, का, गळतंय का? तर म्हणे, गळत नाहीये, पण शेवटच्या गणातला लघु खाल्लात. मी हे पॉलिश करणार नाही. मी माप घेतलं, अंगठा फिरवला, आणि खरंच, शेवटची बारीक खाच राहून गेली होती. दिवसभर पॉलिशच्या चाकाशी त्या खाचा तिच्या बोटांखालून जायच्या आणि ती मनात ओळ म्हणायची. फोरमन दोघांकडे बघत ओरडले, अरे हा कारखाना आहे की कवितेचा तास? आणि माप नापास केलं. नापास माल घरी न्यायची मुभा होती. तिने नेलं. पुढे लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात ते होतं. तुझ्या फडताळातल्या शेकरवर ओळ पुरी आहे. म्हणजे तुझ्या आईने मला टोकल्यानंतरचा असणार, त्यानंतर माझा एकही लघु चुकला नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. सोबतच्या डब्यात कापसात गुंडाळलेली एक वस्तू आहे. उघडशील आणि म्हणशील, अय्या, हे तर आपलं औषधाचं माप! हो, तेच. ताप आला की मोठी बाजू, खोकला असला की उलटं करून लहान बाजू. कडू घोट गिळताना तू डोळे मिटून त्याच्या कमरेवर अंगठा फिरवत राहायचीस, आणि तुझी आई माझ्याकडे बघून हसायची. दुकानात तो शेकर खाली का ठेववेना, ते तुझ्या अंगठ्याला विचार. तुझी आई गेल्यापासून हे माप माझ्या उशाशी होतं, पण त्याची जागा आता तुझ्याकडे आहे. मधल्या फळीवर शेकरशेजारी ठेव, चादर धुऊन कपाटात टाक, आणि जावईबापूंना सांग, ओल वाळली. पुढच्या महिन्यात येतोय, त्या शेकरमध्ये मला लिंबूसरबत हलवून दे. आणि पाहुण्यांनी विचारलं की एवढं सगळं कुठून जमवलंस, तर बाकीच्याचं काय हवं ते सांग, पण त्या दोन वस्तूंवर हात ठेवून ताठ मानेने सांगायचं, हे घरचं आहे.

तुझाच,
एक लघु विसरलेला
बाबा