एकोणतिसाव्याचा चांद

भोर, २९ नोव्हें. १९३७, सोमवार
डॉक्टरांकडे. लघवी निळ्या औषधात घालून उकळली, विटेसारखी तांबडी झाली, म्हणजे साखर भरपूर. "मास्तर, भात सोडला का?" सोडला म्हणालो. अर्धं खोटं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्यात सुरुवात. साखर उतरल्याशिवाय पुण्याचे डॉक्टर डोळ्याला हात लावणार नाहीत, आणि साखर काही उतरत नाही. रोजे यंदाही बंद, हे दुसरं वर्ष. त्याच्या बदली रोज एका गरिबाला जेवू घालतो. हलिमा पहाटे उठून रोज्याआधीचं एकटीच खाते; लग्न झाल्यापासून दोघं मिळून खायचो. मी जागा असतो, निजल्याचं सोंग घेतो.

१ डिसें., बुधवार
अक्षरं आता बोटाएवढी काढतो, तरी ओळी एकमेकींवर चढतात. कंटाळा आला. एकतीस वर्षं पोरांना शुद्धलेखन शिकवलं.
उस्मान पिंजारी दुलई भरून घेऊन आला. "परवा चांद बघायला यायचं हां मास्तर. तुमच्याबिगर न्हाई दिसायचा." दर साल मलाच आधी दिसतो, त्याची लोकांना सवय. डोळ्यांचं हलिमाखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. चष्म्यानं भागतं म्हणतो.

३ डिसें., शुक्रवार, एकोणतिसावा रोजा
दिवस बुडताना नदीकाठी पंधरावीस जण. मावळतीच्या डोंगरावर ढगांचे पट्टे. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत हे न दिसताही कळत होतं. मग एक बारीक तिरीप दिसली. तशी तिरीप मला हल्ली कंदिलाभोवतीही दिसते. ठाऊक असून बोट वर केलं. "तो बघा."
उस्मान खांद्याशी आला, माझ्या बोटाच्या रोखानं बघत राहिला. एकदम ओरडला, "व्हय की! दिसला!" चांदाला लागते ती दोघांची साक्ष झाली. मौलवीसाहेबांनी विचारलं, "मास्तर, नक्की?"
नक्की, म्हणालो. उद्या ईद.
का म्हणालो? दिसत नाही म्हणायचा धीर...

४ डिसें., ईद
बिनसाखरेच्या शेवया. ओलं सूत चावल्यासारखं. लोक गळ्यात पडत होते. "मास्तरांनी ईद आणली!" मेल्याहून मेल्यासारखं झालं.
संध्याकाळी हलिमा अंगणात. "अवं, चांद लई बारीक हाय. दुसऱ्या दिसाचा येवढा बारीक असतोय?"

६ डिसें., सोमवार
नसरापूरहून उस्मानचा मेहुणा आला. पुण्याला ईद काल झाली, रविवारी. शुक्रवारी चांद कुणालाच दिसला नव्हता. म्हणजे त्यांचे रोजे तीस, आमचे एकोणतीस. एक रोजा साऱ्या मोहल्ल्याच्या डोक्यावर राहिला. उस्मान त्याच्यावर उखडला, "पुन्याला ढग आसत्याल. आमच्या मास्तरांनी बघितलाय." मी तिथंच बसलेला. चहा निवत होता.
ज्यानं एक रोजा धरला नाही, त्यानं सगळ्यांचा एकेक बुडवला. भूक त्यांनी सोसायची आणि साक्ष मी द्यायची.

८ डिसें., बुधवार
हलिमाला सांगितलं. भाकरी थापायची थांबली नाही. "मला ठावं हाय. ताटातली मुंगी दिसत न्हाई तुमाला, चांद कुठला दिसतोय." भाकरी तव्यावर टाकून, "माझा रोजा म्या धरीन. बाकीच्यांस्नी कोन सांगनार?"
पायाची आग होते आहे. सगळे नमाजाला जमतात तो शुक्रवार लांब नाही.

१० डिसें., शुक्रवार
नमाजानंतर उभा राहिलो. म्हणालो, चांद मला दिसला नव्हता, वर्षभर धड काहीच दिसत नाही, रोजा तुमच्यावर माझ्यामुळं राहिला.
मग उस्मानचा आवाज. "मास्तरांचं डोळं अधू झाल्यात, म्हनून त्यांस्नी आता वाटतंय दिसला न्हवता. मला दिसला व्हता. शपतेवर सांगतो."
कुजबुज सुरू झाली ती त्याच्या बाजूची. दिसत नाही असं मीच कबूल केलेलं. मग चांद नव्हता, हे माझं म्हणणं तरी कोण धरणार? उस्मानचा राग नाही. त्याला बोट मीच दाखवलं.
मौलवीसाहेब म्हणाले, "ज्याला शंका वाटेल त्यानं एक रोजा धरावा." बाहेर कुणीतरी माझ्या चपला उचलून पायांपुढं ठेवल्या, दंड धरून पायरी उतरवली. आजवर असं कुणी केलं नव्हतं. फार थकलो.

१३ डिसें., सोमवार
हलिमाचा रोजा. डॉक्टरांकडे पुन्हा तांबडंच.
येताना उस्मानच्या दुकानावरून आलो. शुक्रवारपासून बोलला नव्हता. पिंजणं थांबलं. "ऊन हाय मास्तर. सावलीनं जावा." एवढंच. आवाज नेहमीचा वाटला नाही. घराच्या पायरीशी आल्यावर उमगलं. उस्मान दिवसभर तंबाखूचा तोबरा धरून बोलतो, आज तोंड मोकळं होतं.
रोजा होता, की तंबाखू संपली होती? आत येऊन टेकलो, परत जाऊन विचारावं म्हणून उठलो. उंबऱ्यापर्यंत गेलो आणि तिथंच बसलो.