मार्लडेनचा किताब कुणाचा?

बाथ, ३ मार्च १९११

चि. हेस्टरला ऑगस्टाताईचे अनेक आशीर्वाद.

बाबांचे वकील पेनफोल्ड काल येऊन गेले. म्हणाले, आता बाबा गेले; मुलगा नसला तर मार्लडेनची बॅरनी, म्हणजे त्यांचा सरदारकीचा किताब, मुलीकडे जाते. पण मुली दोन असल्या तर हक्क दोघींचा सारखा. थोरली-धाकटी काही नाही! राजेसाहेबांनी एकीला निवडलं, किंवा एकीचा वंश संपला, तरच दुसरी बॅरनेस. तोवर किताब लोंबकळत राहणार. चार वर्षांनी मोठी असून मी तुझ्या बरोबरीची! माझ्या अर्जाला संमती दे. माझ्यामागे माझा मुलगा रूपर्ट आहे. तुझ्यामागे कोण, ती तीन कुत्री?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी ऑगस्टा

मार्लडेन, ९ मार्च १९११

ती. ताईस हेस्टरचा सा. न. वि. वि.

कुत्री मजेत आहेत. ताई, नवा झगा आधी तुला, घोडा आधी तुला. तुझा कॅप्टनसुद्धा आधी माझ्याशी नाचत होता, विसरलीस? शेवटची वर्षं बाबांना सूप मी भरवलं. तू नाताळात दोन दिवस यायचीस, तर तुला पोचवायला काठी टेकत दारापर्यंत जायचे! माझ्यासाठी खुर्चीतून कधी हलले नाहीत. संमती मिळणार नाही. आणि ऐक, इथले पाद्री एडविन यांच्याशी मी लग्न करते आहे. अजून चाळिशी गाठलेली नाही. मूल होईल, असं डॉक्टर म्हणतात. मग बघू कुणाचा वंश संपतो ते.

हसलीस तरी लग्नाला ये.

हेस्टर

बाथ, २० नोव्हेंबर १९१२

चि. एडविन यांस अनेक आशीर्वाद.

मी लग्नाला आले नाही. आले ती थेट हेस्टरच्या दफनाला. एवढ्याशा तापानं ती जाईल असं कुणाला वाटलं होतं?

आज पेनफोल्ड आले. टोपी काढून वाकले आणि मला लेडी मार्लडेन म्हणाले. वारस मी एकटीच उरले, आता अर्जाचीही गरज नाही. रूपर्ट खूश आहे. मी मात्र तशीच उठून कागद घेतला. हेस्टरला आधी कळवावं, कशी चरफडेल, दोन पानं भरून बोलणी पाठवेल, असं मनात आलं. तारीख घातली, ‘चि. हेस्टरला’ लिहिलं, आणि हात थांबला.

तो कागद टाकून हे तुम्हाला लिहिते आहे. नाताळात मी मार्लडेनला येऊ का? नको म्हणू नका.

ऑगस्टा