थुंकलेला चहा

३ मार्च, मंगळवार

शी! दिवसभर चहा. टेबलावर वाट्यांची रांग — भुरका मारा, जिभेवर घोळवा, थुंका. पुढची वाटी. भुरका, थुंका. चहाच्या कंपनीत चव घेणारा म्हणजे काय, तर पगारी थुंकणारा! संध्याकाळी ते थुंकायचं डबडं माझ्या नाकाखालून नेलं. इतकी वर्षं झाली, त्या वासाची सवय काही होत नाही. जिभेवर तुरट पुटं चढलीत. रात्री भाजीलाही चहाचीच चव.

घरी ही तिचा तिचा चहा करून पिते, खिडकीशी बसून. मला गरम पाणी.

४ मार्च

धाकट्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. शेजारी एक जाहिरातवाला, पायावर पाय टाकून. कंपनी नवा चहा काढतेय — तब्येतीचा! हृदयाला चांगला, पचनाला चांगला, डोक्याला तरतरी, कातडीला तुकतुकी. फक्त मेलेला माणूस उठून बसतो एवढंच लिहायचं राहिलंय. याचा नमुना मागच्याच आठवड्यात माझ्याकडे आला होता. चाळणीखालचा भुसा, त्यावर वासाचं पाणी मारलेलं. मी शेरा दिला होता — लॉट परत.

जाहिरातवाला म्हणे, जाहिरातीत काकांनाच घेऊ. जन्मभर चहा प्यायलेला माणूस, बघा कसा ताठ! मी म्हटलं, अहो, मी घोटभरसुद्धा गिळत नाही. जे काही ताठ आहे ते थुंकल्यामुळे. दोघंही पोट धरून हसले. मग धाकटे मालक हसायचे थांबले आणि म्हणाले, हे बाहेर बोलू नका. निवृत्तीनंतरही तुम्हाला ठेवून घेऊ.

मी मान हलवली. नंदीबैल! स्वतःचीच किळस आली.

६ मार्च

हिला सांगितलं नाही. उगाच दहा प्रश्न.

९ मार्च, सोमवार

जाहिरातीचं शूटिंग. पुठ्ठ्याचं स्वयंपाकघर. भाड्याची बायको — बरी होती बिचारी, सारखी जांभया देत होती. तिने कप द्यायचा, मी घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, 'हिच्या हातच्या चहामुळेच मी ठणठणीत!'

पहिला घोट सवयीने थुंकलो. थेट तिच्या बाहीवर! सगळे धावले. नंतर मुकाट गिळला. पुन्हा गिळला. दिवे नीट नाहीत म्हणून आणखी गिळला. तो भुसा, ते वासाचं पाणी — शी शी शी! घरी येऊन भडाभडा ओकलो. बाहेरचं काहीतरी बाधलं, असं हिला सांगितलं. तिने पाठीवरून हात फिरवला.

१५ मार्च, रविवार

आज जाहिरात टीव्हीवर लागली. अगदी आम्ही दोघं समोर बसलेलो असताना! ही कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले. पूर्ण बघितली तिने. मी समाधानाने डोळे मिटतो तिथपर्यंत.

मग हळूच म्हणाली, "गिळता येतं की तुम्हाला."

मला आधी कळेचना. मग तिने सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्यासाठी चहा आणला तेव्हा म्हणे मी भुरका मारला, बेसिनमध्ये थुंकलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो — लॉट परत. सासू, नणंदा हसून हसून बेजार. तेव्हापासून ती आपला एकटीचाच करते.

मला तर आठवतही नाही. गंमत केली असेन, असं बोलून गेलो. ती उठून आत गेली. घड्या तशाच.

१६ मार्च

अबोला. गरम पाणीसुद्धा नाही. जिन्यात शेजाऱ्याने अडवलं — तुम्हाला बघून दोन खोकी आणली हो, पित्तावर बरा ना? मी 'हो' म्हणालो. हो म्हणालो! तोंडात दिवसभर घाण चव, चूळ भरून जाईना.

१९ मार्च

मालकांना सांगितलं, जाहिरात काढा, नाहीतर मी बाहेर बोलतो. म्हणाले, मग घरीच बसा. बरं, म्हटलं. घरी येऊन हिला सांगितलं. तिने माझा डबा घासून फडताळात ठेवून दिला.

२२ मार्च, रविवार

सकाळी तिच्याआधी उठलो. चांगल्या पानांचा चहा केला, जन्मात पहिल्यांदा, पिण्यासाठी. कप तिच्या हातात दिला. तिने भुरका मारला — हुबेहूब माझ्यासारखा. जिभेवर घोळवला. बेसिनशी गेली, थुंकली.

"लॉट परत," म्हणाली.

कप मात्र खाली ठेवला नाही. हातात धरून ओट्याशी उभी राहिली. मी पातेलं विसळलं, पुन्हा पाणी ठेवलं. दोघांचं.