केतकीच्या ताटाचा फोटो

डोकमर्डी, सिल्वासा
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

केतकीच्या बाबांना नमस्कार,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. ते खोडलं आणि खाडाखोड दिसायला नको म्हणून कागदच बदलला. इकडे सगळं ठीक. केतकीची सहामाही झाली, गणितात बरे मार्क आहेत. तुम्ही घर सोडल्याला दोन वर्षं झाली, आता हे पत्र कसलं, म्हणून दचकू नका. मेसेज लिहिला असता तर पाठवायच्या आधीच पुसून टाकला असता.

तिच्या शाळेने नववीसाठी एक ऑनलाइन उपक्रम सुरू केलाय. दिवसभरात किती पावलं चालली ते फोनवर नोंदलं जातं, जेवणाच्या ताटाचा फोटो टाकायचा, शनिवारी एक ताई व्हिडिओवर व्यायाम घेतात. पालकांनाही सगळं दिसतं. मी केतकीला म्हटलं, मला कुठे वेळ आहे बघायला! आणि रोज मधल्या सुट्टीत माझ्या शाळेच्या स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून बघायचे. फुकटात कोण एवढी उठाठेव करतं, हा संशय होताच. शेजारच्या ममताबेन म्हणाल्या, "रजनीबेन, छोकरी चालतेय तर चालू द्या ने! तुम्हाला चांगल्यात पण खोट दिसते."

पण इतर दिवशी तीन हजार पावलं आणि मंगळवारी, शुक्रवारी सात हजार? त्या दिवशी क्लासला जाते म्हणायची, पण क्लास तर मागच्या गल्लीत. सरांना फोन केला, तर या दोन दिवशी क्लासच नसतो. कोणीतरी मुलगा असणार, मी ठरवूनच टाकलं. दप्तर तपासलं, वह्यांची मागची पानं वाचली. काहीच नाही.

त्या दिवसांचे फोटोही वेगळे. नाचणीची भाकरी, मेथी, काकडी. घरी मात्र, "आई, भूक नाही." वाटलं, फोटो कुठून तरी उचलते आणि उपाशी राहते. परवा शुक्रवारचा फोटो मोठा करून पाहिला. ताटाच्या काठावर नाव कोरलेलं होतं, सौ. रजनी. आपल्या लग्नातलं ताट. तुम्ही जाताना नेलेल्या दोनांपैकी एक.

म्हणजे ती आमलीला तुमच्याकडे चालत येते. तुम्हाला तर चहा जमायचा नाही, भाकऱ्या कधी शिकलात?

खूप राग आला. तुम्हाला भेटायला मी तिला कधी अडवलं नव्हतं. फक्त ती भेटून आली की काय बोललात, कोण आलं होतं, हे खोदून खोदून विचारायचे आणि दोन दिवस तोंड फुगवून बसायचे. तुमचा फोन चाळायचे, तसंच. त्यातही काही सापडलं नव्हतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सापडलं नव्हतं, तरी तुम्हाला जाऊ दिलं.

मला कळलंय हे तिला सांगू नका. भाकरीला तूप लावत जा, फार बारीक झालीय. आणि उजेड आहे तोवर निघू द्या.

काल त्या उपक्रमातून पालक म्हणून माझं नाव काढून टाकलं. मंगळवारी ती म्हणेल, क्लासला जाते. मी 'बरं' म्हणेन आणि पुढे काही विचारणार नाही. जमेल का, कोण जाणे. माझा माझ्यावरच भरवसा नाही.

तुमच्यावर विनाकारण संशय घेतलेली,
रजनी